कातरीला डोळे नसतात

अन्याय राणीवर झाला. गेल्या वर्षी, श्रावण लागायच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, वडूजजवळच्या एका गावात, घराच्या अंगणात. वेळ मला पाठ आहे, कारण मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओच्या कोपऱ्यात ती लिहून येते. राणी म्हणजे पांढरी, केसाळ, पॉमेरियनच्या वळणाची सहा वर्षांची कुत्री. अन्याय करणारी मी.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच जणांना बोलणार आहे. पण हा मजकूर माझ्याबद्दल नाही. तो माधवनगरच्या मावशींबद्दल आहे. त्यांनी मला त्या मंगळवारच्या दोन वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं, की कातर हातात घेऊ नकोस. मी ऐकलं नाही. मी चळवळीतली. आम्ही ऐकत नसतो, ऐकवत असतो.

आमचं काम जटा सोडवण्याचं. बायकांच्या डोक्यात केसांचा गुंता होतो, तेल-फणी होत नाही, गुंता घट्ट होतो आणि मग कुणीतरी म्हणतं, देवीची जट आली, हात लावायचा नाही. बाई मग दहा-दहा वर्षं ते ओझं मानेवर वागवते. आम्ही घरी जातो, समजावतो, पत्रकं वाटतो, शेवटी कातर चालवतो. साताऱ्याहून या कामासाठी मी सांगलीला आले आणि स्वस्त खोली म्हणून माधवनगरात राहिले. मावशी शेजारच्या खोलीत.

पहिल्या दिवशी मी त्यांना आमचं पत्रक दिलं. मीच लिहिलेलं. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

"कागद जाड हाय तुमचा. बरं झालं," म्हणाल्या.

माझा चेहरा बघून पुढं म्हणाल्या, "लिवलंयस समदं खरं. पण लय रागानं लिवलंयस. वाचनाऱ्याला वाटतंय, आपल्यालाच मारायला आलीया."

त्या टेबलावर गोणपाट अंथरलेलं होतं आणि गोणपाटावर एक कुत्रा डोळे मिटून पडला होता.

मावशी तरुणपणी सूतगिरणीत होत्या. वायंडिंग खात्यात, जिथं सूत कांड्यांवर गुंडाळतात. धागा तुटला की जोडायचा, लड गुंतली की सोडवायची. गिरणी बंद पडली, बरोबरीच्या बायका धुणीभांडी करायला गेल्या, कुणी पापड लाटायला. मावशींकडं एका जनावरांच्या डॉक्टरनं सहज म्हणून एक कुत्रं पाठवलं, "तुमची बोटं चांगली आहेत, बघा जमतंय का." जमलं. तेव्हापासून सांगलीतली गुंतलेली कुत्री त्यांच्या दारात येऊ लागली.

त्या कुत्र्यांना अहो-जाहो करायच्या आणि माणसांना अरे-तुरे. "आवं दादासाहेब, वाईच पाय उचलता का? उचला की. आसं शाण्यासारखं." आणि लगेच मालकाकडं वळून, "तू रं, तिकडं हो, उजेड आडवतोयास." एकदा मी विचारलं, हे उलटं का? म्हणाल्या, "तुज्यासारखीला मान न्हाई दिला तर तू पत्रक काढशील. ह्येंनी काय काढायचं?"

दुसरी सवय चिमट्याची. कुत्रं आणणाऱ्याला आधी बाकड्यावर बसवायचं आणि कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा त्याच्या कानामागच्या केसांना लावायचा. मुळापाशी, ओढून. कुत्र्याचं काम संपेपर्यंत तो काढायचा नाही. दोन तास लागले तर दोन तास. नाहीतर कुत्रं घेऊन घरी जा.

मी काय काय बघितलं त्या बाकड्यावर! बँकेतले साहेब, कॉलेजच्या बाई, एकदा एक नवरा-बायको, दोघांना एक-एक चिमटा, आणि दोघं एकमेकांकडं न बघता भिंतीकडं बघत बसलेले. उसाच्या पट्ट्यातला एक बागायतदार मोठ्या गाडीतून शिट्झू जातीचा केसाळ कुत्रा घेऊन आला. बागायतदाराच्या डोक्यावर एक केस नाही. त्याला वाटलं, सुटलो. मावशींनी त्याच्याकडं निरखून बघितलं आणि चिमटा मिशीला लावला.

"आवं मावशी, मी कोन हाय ठावं हाय का तुमास्नी?"

"व्हय की. ह्या साहेबांना आट म्हैनं न इंचरता ठेवनारा."

पंधरा मिनिटांत त्याच्या डोळ्यांत पाणी. "मावशी, काढा की वं. लय वडतंय."

"तुला यकच हाय. त्यास्नी सतरा गाठी हायत, मी मोजल्यात. काखंतल्या दोन तर आशा, की पाय टाकला की कातडी वडली जाती. म्हनून साहेब चालत न्हवतं. तू म्हनलास, आळशी झालाय."

नंतर मात्र तो दर पंधरवड्याला यायचा, आपणहून मिशी पुढं करायचा आणि सांगायचा, "आज बगा, यक बी घावनार न्हाई." मावशी कुत्र्याचे कान उलटून, काखा चाचपून, शेपटीखाली बघून मग चिमटा परत डब्यात टाकायच्या. त्यांचं शाबासकी देणं एवढंच.

त्यांच्या कामाची रीत बघत बसावी अशी होती. छोटा गुंता असेल तर त्यावर मक्याचं पीठ भुरभुरायचं, बोटांनी टोकाकडून मोकळा करायचा. मुळाकडून कधीच नाही. दुसऱ्या हाताची दोन बोटं कातडीपाशी केस घट्ट धरून ठेवायची, म्हणजे ओढ बोटांना लागते, कुत्र्याला नाही. मग विणकामाची आकड्याची सुई. मग मोठ्या दातांची फणी. सगळ्यात शेवटी बारीक. फणी वरवर फिरवून कुत्रं चकचकीत करणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "वरनं लग्नाचा मांडव, खाली उकिरडा," म्हणायच्या. केसांचा भांग पाडायचा, कातडी दिसली पाहिजे, तिथून विंचरत यायचं, मग पुढचा भांग. असं सगळं अंग.

एक ताई दर रविवारी कुत्र्याला शाम्पूनं न्हाऊ घालायच्या आणि तरी गुंता कसा होतो म्हणून रडायच्या. मावशींनी विचारलं, "न्हायच्या आदी इंचरतीस का नंतर?"

"नंतर. ओले असताना."

"घोंगडं कसं करत्यात बगितलंयस का कवा? लोकर भिजवायची, चोळायची, घट्ट करायची. दर आयतवारी तू ह्या बाईसाहेबास्नी आंगावरच घोंगडं करून घालतीयास. आदी फणी, मग पानी, मग कोरडं खडखडीत. वलं ऱ्हायलं की गुंता बसलाच."

आणि कातर? कातर त्यांच्या खोलीत नव्हती. भाजीची कोथिंबीरसुद्धा हातानं तोडायच्या. गुंता घोंगड्यासारखा घट्ट बसलाच असेल, तर सोडवत बसायच्या नाहीत. मला आधी वाटायचं, या जुन्या वळणाच्या, केस वाचवायला बघणार. पण नाही. "केस परत येत्यात. त्यापायी दोन तास जीव कशाला खायचा?" म्हणत आणि केस कापायचं मशीन काढत. ते एका न्हाव्याकडून घेतलेलं, धुवट लुगड्यात गुंडाळलेलं. मशीनचं पातं गुंत्याच्या खालून, कातडीला आडवं टेकवून न्यायचं. दर दोन मिनिटांनी थांबायचं आणि पातं स्वतःच्या गालाला लावून बघायचं, तापलं का. गालावर त्या जागी कातडी जराशी काळवंडलेली होती. मला ती कितीतरी महिने वयाची खूण वाटली होती.

"मशीन चालतं आणि कातर का नाही?" मी वाद घातला होता. "कातर जास्त सोपी. आम्ही तर कातरीनंच जट काढतो."

"कातरीला डोळं नसत्यात," म्हणाल्या. "मानसाची कातडी डोक्याला चिकाटल्याली आसती. ह्यास्नी ढिली. गुंता वडला की कातडी त्येच्यासंगं वर येती, राहुटीगत. तुला वाटतंय केस कापतीया. कापतीयास कातडी."

मी मान डोलावली. मान डोलावणं आम्हाला शिबिरात शिकवलेलं असतं. समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखं दिसलं पाहिजे.

आता राणी.

वडूजच्या बाजूला आमचं पत्रक वाटत असताना सैन्यातल्या एका निवृत्त हवालदारानं मला गाठलं. आवाज हळू करून म्हणाला, "म्याडम, बाईमानसाची न्हाई, आमच्या कुत्रीची हाय जट. चालंल का?" मला हसू आलं नाही, राग आला. घरी गेले. राणीच्या मानेभोवती, गळ्याखाली आणि दोन्ही कानांमागं केसांचा एकच घट्ट थर झालेला. त्यावर हळदीकुंकू. सुकलेलं, पुन्हा लावलेलं, पुन्हा सुकलेलं.

हवालदारांची बायको, सगळं गाव तिला हवालदारीण म्हणतं, तिनं मला उंबऱ्यावरच सांगितलं. मुलगा सैन्यात आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची बदली वर बर्फात झाली. तो गेला आणि महिन्या-दोन महिन्यांत राणीच्या मानेला ही जट धरली. कुणीतरी सांगितलं, देवीनं राखण घेतलीय, पोरगं सुखरूप परत येईपर्यंत कापायची नाही. हवालदारीण बोलली, "पोराची बदली खाली हुईपतोर हात लावू द्यायची न्हाई मी. तुमच्या कागदावर काय बी लिवल्यालं आसू दे."

मधेच राणीनं मान खाजवायला पाय उचलला आणि खाजवण्याआधीच केविलवाणी ओरडली. वास येत होता. पावसाळ्याचे दिवस, माशा घोंगावत होत्या.

मी काय करायला हवं होतं, ते आता मला माहीत आहे. तेव्हा मी काय केलं, ते ऐका. मी हवालदारांना वळवलं. फौजी माणूस, त्यांना मनातून पटलेलं होतंच. मंगळवारी हवालदारीण देवळात गेल्याचं बघून आम्ही राणीला अंगणात धरलं. मंगळवार मी मुद्दाम निवडला होता. देवीच्या वारीच देवीची जट कापायची, म्हणजे व्हिडिओ गाजेल. बरोबरचा कार्यकर्ता मोबाईल धरून उभा. मी कॅमेऱ्याकडं बघून दोन वाक्यं बोलले. मग उजव्या कानामागचा गुंता हातात धरला, वर ओढला आणि कातर चालवली.

राणी ओरडली तसं मी कधी ऐकलं नव्हतं. आधी पांढरं दिसलं, मग लाल. त्याच वेळी फाटकात हवालदारीण, हातात प्रसादाची पुडी. ती राणीकडं धावली नाही. तिथंच खाली बसली आणि म्हणाली, "माज्या लेकाचं रगात काडलं गं बया."

वडूजच्या डॉक्टरांनी सात टाके घातले. माझ्याकडं बघितलंही नाही. एवढंच म्हणाले, की उरलेला गुंता दोन-चार दिवसांत निघाला नाही तर खाली आळ्या पडतील, मग गळा वाचवणं अवघड. आणि हवालदारीण म्हणाली, "आता कुनीबी हात लावायचा न्हाई. डाक्टर बी न्हाई." तिनं राणीला उचलून घरी नेलं आणि आतून कडी घातली.

हे सगळं माझ्यामुळं झालं. माझ्या आधी ती बाई फक्त घाबरलेली होती. माझ्यानंतर तिला पुरावा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींच्या दारात व्हिडिओ घेऊन उभी. मोबाईल पुढं केला. त्यांनी आवाज बंद करायला सांगितला. कातर चालते तिथवर बघितलं. "मागं घे." पुन्हा बघितलं. "हितं थांबव. तिचं कान बग कुटं हायत. डोळं बग. तुज्या पयल्या वाक्यालाच ती बोलत हुती, नगं म्हनून. तू तिकडं बगत व्हतीस." आणि मोबाईलच्या काचेवर, कॅमेऱ्याकडं बघणाऱ्या माझ्या तोंडावर बोट ठेवलं.

मला वाटलं, आता बोलतील. सांगितलं होतं की नाही, म्हणतील. त्या उठल्या, लुगड्यात गुंडाळलेलं मशीन पिशवीत घातलं, पिठाचा डबा घातला, खोलीला कुलूप लावलं. "यस्टी किती वाजता हाय?"

विट्याला गाडी बदलायची. मधल्या रस्त्यात, खिडकीकडं बघत, त्यांनी मला दोन वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांनाही जट होती. विसाव्या वर्षी आली. आई म्हणाली, देवीची आहे. गिरणीतला मुकादम म्हणाला, मशीनमध्ये अडकली तर मान जाईल, कापून ये नाहीतर कामावर येऊ नको. आईला सांगितलं तर आई विहिरीकडं निघाली.

"मग?"

"मग काय. जेवनाच्या सुट्टीत बसायची यका कोपऱ्यात. दिसाला दा-बारा केस. टोकाकडनं. गिरनीत लड सोडवत्यात तशी. आट म्हैनं लागलं. आईला म्हनायची, देवी आपली आपनच सोडाय लागलीया. आई रोज मोजायची, किती सुटली. रोज थोडं थोडं भ्या बी सुटलं तिचं."

"पण हे खोटं बोलणं झालं मावशी," मी म्हणाले. तशा अवस्थेतही म्हणाले. सवय.

"झालं की. आन माजी मान वाचली, आई बी वाचली. तू आज खरं बोलायला जा. पर तिला ऐकू येईल आसं बोल."

हवालदारिणीनं दार उघडलं आणि मला बघून पुन्हा लावायला लागली. मावशींनी पिशवी दारात ठेवली.

"तुमी ह्या पोरीसंगं आलाय न्हवं? मग म्होरं व्हा."

"जाती म्होरं. पानी तर देशील? विट्यापास्नं घसा वाळलाय."

पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. पाण्यामागून चहा आला. मला अंगणातच बसायचा हुकूम होता, मी उंबऱ्याबाहेरून बघत होते. राणी कॉटखाली. मावशी जमिनीवर बसल्या, तिच्याकडं पाठ करून, हात मागं सोडून. "आवं राणीसरकार, आमी आलोय. घाई न्हाई."

"कुत्रीला आवं-जावं, आन मला आगं-तुगं?" हवालदारीण म्हणाली. रागानं, पण पहिल्यांदाच बोलली.

"तुला बोलाय येतंय की. तिला कोन मान देनार?"

त्या दिवशी मावशींनी गुंत्याला हात लावला नाही. राणीची शेपटी विंचरली, पाठ विंचरली, जिथं केस मोकळे होते तिथंच. चिमट्यांचा डबा पिशवीत होता, तो बाहेर आलाच नाही. हवालदारीण पोराबद्दल बोलत राहिली. मावशींना मूलबाळ नव्हतं, त्या ऐकत राहिल्या. हवालदारिणीनं त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं. मला हवालदारांच्या भावाकडं पाठवलं.

सकाळी मी आले तेव्हा राणी मावशींच्या मांडीवर होती आणि हवालदारीण समोर.

"देवी कुटं ऱ्हाती म्हनलीस?" मावशी विचारत होत्या.

"जटंत."

"मग तिचं घर वलं हाय का कोरडं, त्ये तर बगशील? मी न्हाई कापत. बोट घाल खाली. कातडीपतोर."

हवालदारीण पुढं सरकली. मग तिनं गळ्याखालच्या गुंत्याच्या कडेनं बोट आत सारलं. राणी थरथरली, पण हलली नाही. बोट बाहेर आलं ते ओलं. हवालदारिणीनं ते नाकापाशी नेलं. पदराला पुसलं नाही. तसंच समोर धरून बसली.

"लय दिस झालं असतील गं हिला," म्हणाली. आणि मग, "पर पोरगं…"

"पोरगं बर्फात हाय. त्येच्या बुटात पानी ऱ्हायलं, पाय सडाय लागला, तर तू काय सांगशील? नवस हाय, बूट काडू नगंस?"

"काड म्हनीन. आताच्या आता काड म्हनीन."

हवालदार दारात उभे, पाठीमागं हात बांधून, परेडला उभे असल्यासारखे.

"कातर न्हाई ना?" हवालदारिणीनं विचारलं.

"कातर मी घरात ठेवत न्हाई."

मशीन निघालं. मावशींनी आधी आवाजाची सवय केली, मशीन लांब धरून, मग जवळ, मग पाठीवर नुसतं टेकवून. मग हवालदारिणीचा हात घेतला, मशीन तिच्या हातात दिलं आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. गळ्याखालून सुरुवात. थोडं गेलं की थांबायचं, पातं गालाला. एकदा मावशींच्या, एकदा हवालदारिणीच्या. "तापलं का सांग." "कोंबट हाय." "मग थांबू." पाऊण तास. टाक्यांची बाजू पूर्ण टाळून.

गुंता अखंड निघाला. घोंगडीचा तुकडा फाडावा तसा. उलटा करून मावशींनी गोणपाटावर ठेवला आणि आतल्या बाजूला काहीतरी निळं दिसलं.

पट्टा होता. कुत्र्याचा, निळ्या कापडी पट्टीचा, पितळी बक्कल असलेला. केसांनी त्याला गिळून टाकलं होतं. तो पुढं सरकायचा, मागं सरकायचा, केस गोळा करायचा, त्या केसांत गवताची कुसळं अडकायची आणि तेच गोळे वाढत वाढत मानभर झाले होते. पट्ट्याखाली कातडीवर बोटभर रुंद जखम, गळ्याभोवती निम्म्या वळशापर्यंत.

हवालदारिणीनं बक्कल ओळखलं. "ह्यो तर त्येनंच बांधल्याला. जायच्या दिवशी. नवा आनून. आमाला वाटलं, रानात कुटं पडला. किती हुडिकला आमी."

मला ओरडून सांगायचं होतं. बघा, ही तुमची देवी. पट्टा होता तो, कुणी दोन वर्षं केसांत बोट घालून बघितलं नाही! तोंड उघडलं. मावशींचा पाय माझ्या पायावर पडला, चांगला टाचेनं.

"आता तू काय बी बोलू नगंस," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "तिला दिसलंय."

हवालदारीण उठली. पट्टा घेऊन मोरीत गेली, साबण लावून घासला, पुन्हा घासला आणि दोरीवर वाळत घातला. मग आली, तो गुंता लाल खणात बांधला आणि हवालदारांना म्हणाली, "येरळा नदीत सोडून या." मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. पण माझा पाय दुखत होता.

मावशींनी जुन्या साडीची पट्टी काढून राणीच्या डोक्यावरून, कानांवरून सैलसर बांधली. कानांवरचं ओझं एकाएकी गेलं, की कुत्री डोकं झटकत राहतात आणि कानाच्या पाळीत रक्त उतरतं, म्हणून. पदर घेतलेल्या म्हाताऱ्या बाईसारखी दिसायला लागली राणी. हवालदार हसले आणि मग तोंड फिरवून अंगणात गेले. राणी उठली, चार पावलं चालली, थांबली, मान डावीकडं वळवली. मग उजवीकडं. पुन्हा डावीकडं. दोन वर्षांत मान वळवताच आली नव्हती तिला. अख्ख्या घराला वाटायचं, स्वभावानं शांत आहे.

मुलगा अजून वरच आहे. दर रविवारी फोन येतो. त्या रविवारी हवालदारिणीनं त्याला सगळं सांगितलं, पट्ट्याचं सोडून. ते आपण नंतर सांगू म्हणाली, समोर आला की. राणीच्या गळ्याची जखम वडूजच्या डॉक्टरांच्या औषधानं भरली. उजव्या कानामागं टाक्यांची रेघ आहे, तिथं केस येत नाहीत. ती माझी.

मावशी आता पाटणला भाचीकडं असतात. बोटं वळत नाहीत, सुईसुद्धा धरता येत नाही. मी फोन केला की माझी चौकशी करत नाहीत. "कुनाचं केलंस आज? काखा बगितल्यास का?" एवढंच. मी पत्रकं अजून लिहिते. कातर वापरत नाही. माणसांच्या जटेलाही आधी टोकाकडून जितकं सुटेल तितकं सोडवून बघते, बाई आणि तिची आई दोघींना बसवून. वेळ लागतो. आमच्या बैठकीत यावर टीका होते. होऊ दे.

पण मी मवाळ झाले असं समजू नका. शोभेला केसाळ कुत्री आणता तुम्ही. गाडीच्या मागच्या काचेत बसवून मिरवता, फोटो टाकता आणि विंचरायला तुम्हाला वेळ नाही. राणीच्या मालकिणीला निदान भीती होती. तुम्हाला कशाची अडचण आहे?

तेव्हा आता हा कागद बाजूला ठेवा. तुमच्या कुत्र्याला जवळ घ्या. गळ्यातला पट्टा काढा, पूर्ण काढा, नुसता फिरवू नका. पट्टा होता तिथं, कानांमागं, काखांत, जांघांत, शेपटीखाली बोट घाला. बोट कातडीला लागलं पाहिजे. लागत नसेल, तर आज त्याला आंघोळ घालू नका, कातर उचलू नका, उद्यावर ढकलू नका. जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन जा, आज, दवाखाना बंद व्हायच्या आत. आणि लागत असेल, तर फणी घ्या आणि कातडीपासून विंचरायला बसा.

वाचून झालं असेल तर उठा.